मानवी हस्तक्षेप : निरंक

मंगळवारी दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी सतरा क्रमांकाच्या सर्व्हरने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती अर्धी गिळली आणि तोंड मिटून घेतलं. एरवी ही गंभीर घटना ठरली असती. पण ती घडलीच नव्हती. आमच्या कंपनीत जे डॅशबोर्डवर दिसत नाही ते घडत नाही, आणि डॅशबोर्डवरचे चाळीसच्या चाळीस दिवे हिरवे होते.

याचं श्रेय आमच्या विभागप्रमुखांना. त्यांचं आडनाव काही वेगळंच आहे, पण सगळे त्यांना हिरवे साहेब म्हणतात. पूर्वी बिघाड झाला की दिवा लाल व्हायचा. लाल दिव्यामुळे कर्मचाऱ्यांचं मनोधैर्य खचतं असं साहेबांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी मनोधैर्याऐवजी लाल रंगाचाच बंदोबस्त केला. आता तीन प्रकारचे हिरवे आहेत. गडद हिरवा म्हणजे झालं. फिकट हिरवा म्हणजे होईल. पोपटी म्हणजे विचारू नका. सतरा क्रमांक गेले दोन आठवडे पोपटी होता आणि कोणी विचारत नव्हतं.

आम्ही पाळणाघरांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. प्रत्येक पाळणाघरात दोन जाड पुस्तकं एकावर एक ठेवावीत एवढा एक काळा डबा असतो. त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो. दाराचं कुलूप, मुलांची हजेरी, पालकांना मोबाईलवर दिसणारा कॅमेरा आणि संध्याकाळी कोणतं मूल कोणाच्या हाती द्यायचं याची यादी, हा सगळा संसार तो डबा सांभाळतो. आम्ही इथे चौथ्या मजल्यावर सॉफ्टवेअर सुधारतो, आणि सुधारलेलं सॉफ्टवेअर त्या चाळीस डब्यांत आपोआप जाऊन बसतं. 'आपोआप' या एका शब्दावर कंपनी उभी आहे. जिन्याजवळ मोठा फलक आहे : 'हात लागला, घात झाला.' दर महिन्याच्या अहवालात 'मानवी हस्तक्षेप' असा एक रकाना असतो आणि त्यापुढे 'निरंक' लिहिलेलं असतं. ते 'निरंक' छापूनच येतं, म्हणजे लिहायलासुद्धा हात लागत नाही.

नियम मोडणारा एकच निघाला. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कधीकाळी जागेवर बसल्या बसल्या एका दूरच्या सर्व्हरमधली एक चुकीची ओळ हाताने दुरुस्त केली. पाळणाघर सुरळीत चालू झालं, त्यामुळे प्रकरण उघडकीला आलं. त्याच्याकडून अकरा पानी खुलासा घेतला, आणि कीबोर्ड काढून घेतला. माऊस मात्र माणुसकीच्या भावनेतून ठेवला. तेव्हापासून तो फक्त लॉग वाचतो. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. किती वाजता काय केलं, कुठे अडखळलं, ते यंत्र स्वतःच लिहून ठेवतं. आम्ही त्याला लॉगदादा म्हणतो. त्याला पाठीचं दुखणं आहे. नवी आवृत्ती पाठवायची वेळ झाली की नेमकी त्याची पाठ धरते आणि तो पाय मोकळे करायला बाहेरच्या व्हरांड्यात जातो.

माझं म्हणाल, तर मी यादीचा भाग लिहिते. आणि सतरा क्रमांकाचा डबा ज्या पाळणाघरात आहे, तिथे माझी ठकू असते. वय अडीच वर्षं.

हे मी ऑफिसात फारसं बोलत नाही. काळजी करणारी आई कामाला कमी पडते असा एक समज आहे, आणि तो मी चुकूनही खरा ठरवू इच्छित नाही. म्हणून मी काळजी कामाच्या वेळेतच, पण पद्धतशीरपणे करते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी खिडकी उघडी ठेवते. तिच्यात पाळणाघराचा कॅमेरा दिसतो. ठकू कापडी सशाचा कान चघळते आहे, ठकूचा एक मोजा कुठेतरी गेला आहे, ठकूने शेजारच्या मुलाला ढकललं आणि मग स्वतःच रडली, हे सगळं मला चौथ्या मजल्यावर बसून कळतं. दुपारी दोन ते साडेतीन चित्र नसतं. त्या जागी निळ्या अक्षरांत संदेश येतो : 'बालके विश्रांती घेत आहेत.' तो वाचला की माझे खांदे जरा सैल होतात. तो संदेश मीच लिहिलेला आहे. काही कारणाने चित्र आलंच नाही तर पालकांनी घाबरू नये, म्हणून. एवढं असूनही दोन आठवडे मी तो रोज वाचत होते आणि रोज निश्चिंत होत होते.

त्या मंगळवारी साडेतीनच्या सुमाराला लॉगदादा माझ्या टेबलाशी आला. एक हात पाठीवर, दुसऱ्यात कागद.

"अगं, तुझी लेक सतरालाच असते ना?"

"हो. का?"

"काही नाही. जरा बस."

"दादा, मी बसलेलीच आहे."

"मग उठू नकोस." त्याने कागद समोर ठेवला. "ही आजची आवृत्ती दोन भागांत जात होती. आधी नियम, मग यादी. नियम असा, की यादीत नाव असल्याशिवाय मूल कोणाच्याही हाती द्यायचं नाही, दार उघडायचं नाही. तो गेला. जुनी यादी पुसली गेली. आणि नवी यादी जायच्या आधी डबा गप्प झाला."

"म्हणजे?"

"म्हणजे डब्याला आता कायदा ठाऊक आहे, माणूस एकही ठाऊक नाही."

डबा साडेतीनला पुन्हा बोलू लागला होता. मी त्याला माझ्या पडद्यावरून प्रश्न विचारला; प्रश्न विचारायला परवानगी आहे, सांगायला नाही. बालक क्रमांक अकरा कोणाच्या हाती द्यावे? डब्याने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिलं : कोणाच्याही नाही.

पाळणाघर सहाला सुटतं.

"मग आत्ता यादी पाठवू या की. डबा चालू आहे, यादी तयार आहे. अर्ध्या मिनिटाचं काम."

माझ्या पाठीमागून आवाज आला, "हाताने?"

हिरवे साहेब नेमक्या वेळी नेमक्या जागी असतात. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. देवाच्या मूर्तीला चपलेने शिवू पाहणाऱ्याकडे पाहावं, तसं ते माझ्याकडे पाहत होते.

"साहेब, फक्त यादी..."

"यादी आपोआप जाईल. प्रणाली स्वतःच पुन्हा प्रयत्न करणार आहे."

"कधी?"

"शांत वेळेला."

ही शांत वेळ समजून घेणं आवश्यक आहे. कोणत्या डब्यात सॉफ्टवेअर कधी पाठवायचं, हे आमच्याकडे माणूस ठरवत नाही. प्रणाली प्रत्येक डब्यावर नजर ठेवते आणि ज्या वेळी त्याच्यावर कामाचा भार सर्वांत कमी असेल ती वेळ निवडते. बाकीच्या डब्यांना पाच टक्के, सात टक्के असा काहीतरी भार दुपारीही असायचाच. सतरा क्रमांकाने मात्र दोन ते साडेतीन या वेळेत भार शून्य, तापमान शून्य, तक्रार शून्य अशी कामगिरी सातत्याने केली होती. प्रणालीने त्याला 'पंधरवड्यातला सर्वांत शिस्तप्रिय सर्व्हर' म्हणून प्रमाणपत्रही दिलं होतं. ते साहेबांच्या केबिनबाहेर लावलेलं आहे.

"म्हणजे उद्या दुपारी दोन," मी म्हणाले. "आणि आज सहाचं काय?"

"त्यासाठी बैठक घेऊ," साहेब म्हणाले.

बिघाड-निवारण बैठक सव्वाचारला सुरू झाली. पूर्वी तिला बिघाड-निवारण बैठक म्हणत. आता 'यश-विलंब आढावा' म्हणतात. सुरुवातीलाच साहेबांनी सांगितलं की बिघाडाची नोंद प्रणालीने अगोदरच केली आहे. दोन वाजून पाच मिनिटांनी तिने स्वतःकडे तक्रार दाखल केली, तक्रारीबद्दल स्वतःचे आभार मानले, वीस मिनिटं उत्तराची वाट पाहिली, उत्तर न आल्यामुळे 'समस्या सुटली' असा शेरा मारून तक्रार बंद केली आणि सेवेबद्दल समाधान विचारल्यावर स्वतःला चार तारे दिले. पाचवा तारा सुधारणेला वाव म्हणून राखून ठेवला.

"तेव्हा तांत्रिकदृष्ट्या आपण इथे का बसलो आहोत, हा प्रश्नच आहे," साहेब म्हणाले. "तरीही कारण नोंदवू या."

कारणांची यादी पडद्यावर आली. नेटवर्क, डिस्क, हवामान. 'मानवी' हे कारण मागच्या वर्षी काढून टाकलं होतं, कारण ते निवडलं की अहवालातला 'निरंक' बिघडायचा.

मी हात वर केला. "साहेब, चालू यंत्राचं तापमान शून्य कसं असेल?"

"यालाच कार्यक्षमता म्हणतात."

कोपऱ्यातून लॉगदादा कण्हला. "साहेब, इतकं गार यंत्र एक तर आदर्श असतं, नाही तर बंद."

"प्रमाणपत्र आहे त्याला," साहेबांनी आठवण करून दिली.

बैठकीने एकमताने 'हवामान' हे कारण निवडलं. बाहेर लख्ख ऊन होतं; तेही कारणात बसतं. शिवाय असं ठरलं की अशा बिघाडांचं निदान आपोआप करणारी एक नवी प्रणाली बनवावी, आणि ती सर्वांत आधी सतरा क्रमांकात, शांत वेळेला बसवावी.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. मी दादाकडे पाहिलं. तो छताकडे पाहत म्हणाला, "व्हरांड्यात हवा बरी असते. फोनही लागतो."

मी व्हरांड्यात जाऊन पाळणाघरात फोन लावला. मावशींनी उचलला. मावशी तिथे अठरा वर्षं आहेत. मुलांची नावं त्यांना हजेरी न बघता येतात, आणि आयांची नावं त्या लक्षात ठेवत नाहीत. आम्ही सगळ्या 'अमक्याची आई'.

"कोण? ठकूची आई? काय गं, काय झालं?"

"मावशी, झोपायच्या खोलीत एक काळा डबा आहे बघा, फडताळावर..."

"तो होय! तो दुपारी मी काढून ठेवते."

"काढून ठेवता म्हणजे?"

"वायर काढते गं भिंतीतली. मुलं निजली की घूं घूं करतो मेला. दोनला काढते, साडेतीनला परत लावते. आज जरा उशीर झाला. तुझ्याच बाईसाहेब डोळे मिटेनात. दोन वाजून गेले, तेव्हा कुठे लागली झोप. मग काढली."

"पण मावशी, कोणी सांगितलं तुम्हाला वायर काढायला?"

पलीकडे मावशींचा आवाज जरा फुगला. "कोणी म्हणजे? तुझीच तक्रार आहे की! संचालिकाबाईंनी छापून भिंतीला लावलीय. थांब, वाचून दाखवते. चष्मा कुठाय... हां. 'झोपण्याच्या खोलीत कसलासा सततचा आवाज येतो. माझी मुलगी दचकून उठते. कृपया कायमस्वरूपी बंदोबस्त करावा.' खाली तुझं नाव. मागे एका भाऊचा फोन आला होता, त्यालाही हेच सांगितलं. म्हटलं, आईची लेखी तक्रार आहे, आवाज चालायचा नाही."

कोणता भाऊ, हे विचारायचं मला सुचलं नाही. मला माझी तक्रार आठवत होती. मोबाईलवरून केली होती, बरोबर दोन आठवड्यांपूर्वी. दुसऱ्या दिवशी 'बंदोबस्त झाला' असा निरोप आला आणि मी पाच तारे देऊन लिहिलं होतं : 'तत्पर सेवा. आता ठकू शांत झोपते.'

ठकू शांत झोपावी म्हणून डबा बंद होत होता. डबा बंद म्हणून भार शून्य होता. भार शून्य म्हणून ती शांत वेळ होती. आणि शांत वेळ म्हणून आमचं सगळं सॉफ्टवेअर नेमकं त्याच वेळी त्या मेलेल्या डब्याच्या दारावर टकटक करत होतं. साखळीत एकही कडी चुकीची नव्हती. फक्त तिचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं माझ्या गळ्यात.

"मावशी," मी म्हणाले, "आता जीव गेला तरी त्या डब्याला हात लावू नका. अजिबात नाही. ऐकलंत ना?"

"बरं बाई," मावशी म्हणाल्या. "तुम्ही शिकलेल्या बायका. कधी काढा म्हणता, कधी लावा म्हणता."

मी नवऱ्याला फोन करून सरळ तिकडेच यायला सांगितलं. "दोघांपैकी एकाला तरी ओळखेल," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. माझ्या कंपनीवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे, कारण तो तिथे काम करत नाही.

सहाला पाच कमी असताना मी पाळणाघराच्या काचेच्या दारापुढे उभी होते. दाराशेजारच्या पडद्याने माझा चेहरा न्याहाळला. मग अक्षरं उमटली : 'नमस्कार. आपण या बालकाचे कोणीही नाही. धन्यवाद.'

हे वाक्य मात्र मी लिहिलेलं नव्हतं. ते नियमाने यादीत शोधून, काही न सापडल्यामुळे, आपणहून जुळवलं होतं. तरीही मला ते माझ्याच हस्ताक्षरातलं वाटलं.

काचेपलीकडे ठकू होती. एका पायात मोजा, बगलेत ससा. तिने काचेला नाक लावलं, मीही लावलं. मध्ये अर्ध्या बोटाची काच आणि आमची नवी आवृत्ती.

माझ्यामागे पालक जमू लागले. एक शिक्षिका होती, हातात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा. तिलाही पडद्याने धन्यवाद दिले. "अहो, पण मी आई आहे हिची," ती पडद्याला म्हणाली. "सिद्ध करायला काय आणू?" पडदा म्हणाला, 'उद्या दुपारी दोननंतर पुन्हा प्रयत्न करा.' खाकी गणवेशातल्या एका बसचालकाने तीनदा चेहरा दाखवला, चौथ्यांदा टोपी काढून दाखवला, आणि मग वळून सगळ्यांना विचारलं, "कोणत्या शहाण्याने बनवलंय हे?"

"काय एकेक माणसं असतात!" मी म्हणाले.

तेवढ्यात पोचलेला माझा नवरा खोकला. त्याने आपला चेहरा पडद्यापुढे धरला. 'आपण या बालकाचे कोणीही नाही.'

"लग्नात तुझ्या मामांनी माझ्याकडे असंच पाहिलं होतं," तो म्हणाला. "पण त्यांनी धन्यवाद म्हटलं नव्हतं."

शिक्षिकेने मदत-क्रमांक लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोनचा स्पीकर चालू केला. फोनमधून एक प्रेमळ, ठाम, प्रसन्न स्त्री बोलू लागली : "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. घाबरू नका. आपले मूल सुरक्षित आहे."

दोन वर्षांपूर्वी कंपनीला आईचा आवाज हवा होता, तेव्हा मी रजेवरून नुकतीच परतले होते आणि कशालाही नाही म्हणण्याच्या परिस्थितीत नव्हते.

"आई!" ठकू काचेआडून ओरडली. माझ्याकडे बघून नाही. शिक्षिकेच्या फोनकडे बघून. मग तिने काचेवर दोन्ही हात आपटले आणि त्या फोनला म्हणाली, "आई, ये ना!"

"घाबरू नका," फोनमधली मी म्हणाले. "आपण रांगेत सहाव्या आहात."

गर्दी हळूहळू माझ्याकडे पाहू लागली. बसचालकाने फोन पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोन पाहिला. त्याने टोपी डोक्यावर घातली.

साडेसहा झाले. आत बाकीची मुलंही रडू लागली होती. मुलांचं रडणं मात्र आमच्या सॉफ्टवेअरपेक्षा खूपच विश्वासार्ह रीतीने एकाकडून दुसऱ्याकडे पोचतं. मावशी कडेवर एक आणि पदराला दोन घेऊन काचेपाशी आल्या आणि दाराच्या फटीतून म्हणाल्या, "ठकूचे आई, लावू का हात?"

"कशाला?"

"डब्याला. तू म्हणालीस ना, जीव गेला तरी लावू नका, म्हणून गप उभी आहे अर्धा तास. आता जीव जायची वेळ आलीय, म्हणून विचारते."

माझ्या डोळ्यांपुढे 'मानवी हस्तक्षेप परवानगी अर्ज' आला. तीन पानं. शेवटचा प्रश्न असा : 'हात कोणाचा?' त्याखाली सहीला जागा. आजवर तो अर्ज कोणी भरलेला नाही. नोकरी आली डोळ्यांपुढे, फलक आला, लॉगदादाचं कीबोर्ड गेलेलं टेबलही आलं. मग ठकूने फोनवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. आवाज तिथे आणि तोंड इथे, हे कोडं तिला सुटत नव्हतं, आणि ओठ थरथरायला लागला होता.

"लावा, मावशी," मी म्हणाले.

मावशी आत गेल्या. पाच मोजायच्या आत पडदा विझला, खट्ट आवाज झाला आणि दार स्वतःहून दोन बोटं उघडलं.

टाळ्या पडल्या. मी धावतच आत शिरले, ठकूला उचललं आणि मग थांबले.

"मावशी, वायर काढल्यावर दार उघडलं कसं?"

"ते उघडतंच. कुलूप त्या डब्याच्याच विजेवर आहे. वीज गेली की उघडायचं, आग-बिग लागली तर मुलं अडकू नयेत म्हणून. बसवायला आला होता त्याने सांगितलं होतं."

"म्हणजे रोज दुपारी दोन ते साडेतीन..."

"उघडंच असतं दार," मावशी शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर मी खुर्ची टाकून बसते ना दारात. पाठ दाराला, तोंड मुलांकडे. डुलकीसुद्धा काढत नाही. तू काय समजलीस, तो डबा बसतो राखण करत?"

ठकूचा घामेजलेला गाल माझ्या मानेला चिकटला होता. दोन आठवडे. रोज दीड तास. उघडं दार, आणि मी निळी अक्षरं वाचून खांदे सैल सोडत होते.

मुलं वाटायचं काम मावशींनी हाती घेतलं. "हा तुझा, नाक बघ की. ही तुमची, हिला खोकला आहे, कोमट पाणी द्या." बसचालकाच्या मुलाने बापाची टोपी ओढून आपल्या डोक्यावर घातली, ती पडताळणी मान्य झाली. माझ्या नवऱ्याने ठकूला घ्यायला हात पुढे केले, तेव्हा मावशी मध्ये आल्या.

"हे कोण?"

"माझा नवरा."

"असं तू म्हणतेस. मी कधी पाहिलं नाही यांना. अठरा वर्षांत तरी आले नाहीत."

"मावशी, मूल अडीच वर्षांचं आहे," नवरा म्हणाला.

"मग अडीच वर्षांत या की कधीतरी."

ठकूने "बाबा" म्हणून सशासकट त्याच्याकडे झेप घेतली, तेव्हाच मावशी बाजूला झाल्या. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी कडक तपासणी नाही.

बुधवारी दुपारी दोनला सतरा क्रमांकाचा दिवा पोपटीवरून गडद हिरवा झाला. आदल्या संध्याकाळी मी मावशींच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. त्यांनी डबा तेवढ्यापुरता स्वयंपाकघरात हलवला, बरोबर दोनला वायर लावली आणि मी फोनवर 'आता काढा' म्हणेपर्यंत त्याच्यापाशी उभ्या राहिल्या. "घूं घूं करत होता, थोपटला जरा," असं म्हणाल्या.

हिरवे साहेबांचे डोळे भरून आले. "बघा! काही केलं नाही आणि सुटलं. यालाच स्वयंचलन म्हणतात." त्यांनी प्रणालीला तो राखून ठेवलेला पाचवा तारा देऊन टाकला.

मी व्हरांड्यातून परत येताना लॉगदादा समोरून येत होता. एक हात पाठीवर. दुसऱ्या हातातली छोटी वही त्याने लपवायच्या आत मी पाहिली. एक ते चाळीस आकडे. प्रत्येकापुढे फोन नंबर आणि दोन-तीन शब्द. 'मावशी, सकाळी आठनंतर.' 'पहारेकरी काका, ऐकायला कमी.' 'आजी, आधी तब्येत विचारणे.' 'मुख्य बाई, रागीट, सॉरी म्हणणे.'

"दादा, हे काय?"

"हे?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "हे स्वयंचलन. कुठे वायर निघालेली असते, कुठे डब्यावर ओले टॉवेल वाळत असतात. दर वेळी चाळीस जणांना सांगावं लागतं, जरा बघा हो. तेव्हा कुठे तुमचं आपोआप होतं."

"मग तो 'भाऊ' तूच! मावशींनी माझं नाव वाचून दाखवलं असेल तुला. मला का सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो. पण आपल्या नोंदीत त्या तक्रारीखाली तुझे पाच तारे होते. म्हटलं, बाई समाधानी आहे, कशाला तिच्या जिवाला घोर लावा?"

त्याने खिशातून पेन काढलं, सतरापुढे लिहिलं 'ठकूची आई बोलते', आणि पाठ धरून निघून गेला. त्या महिन्याचा अहवाल मी स्वतः पाठवला. मानवी हस्तक्षेप : निरंक.

पण घोर लागायचा तो लागलाच. गुरुवारी मी एकच गोष्ट केली, आणि ती माझ्या अखत्यारीत होती. कॅमेऱ्याचं चित्र नसताना येणारा संदेश मी बदलला. 'बालके विश्रांती घेत आहेत' हे काढलं आणि खरं तेवढं लिहिलं : 'यंत्र बंद आहे. मुलं कशी आहेत ते आम्हाला इथून दिसत नाही. दारात मावशी बसल्या आहेत का, ते फोन करून विचारा.' एवढं छोटं काम बघताबघता चाळीसही ठिकाणी पोचलं. दादाची पाठ त्या दिवशी फार दुखली.

कुठे ना कुठे कॅमेरा बंद असतोच, त्यामुळे पहिल्या तासात दोनशे बारा पालकांच्या तक्रारी आल्या. मी सगळ्या वाचल्या. त्यात मुलांबद्दल एकही नव्हती. 'नव्या संदेशामुळे कामात लक्ष लागत नाही.' 'ही माहिती खरी असेल तर ती आम्हाला देण्याचं प्रयोजन काय?' 'पूर्वीचा मजकूर अधिक दिलासादायक होता, कृपया तोच ठेवावा.' एक तक्रार माझ्या नवऱ्याची होती. मावशींना फोन मात्र एकाचाच आला होता. बसचालकाचा.

चार वाजता हिरवे साहेबांच्या आदेशावरून जुना संदेश परत आला. मागणी इतकी मोठी होती, की तो अगदी आपोआप आला. काही मिनिटांत दोनशेच्या वर पालकांनी पाच तारे दिले.

आता मी रोज दोनला पाच कमी असताना मावशींना फोन करते. त्या म्हणतात, "बसलेय गं, बसलेय." मग दोन वाजतात, कोपऱ्यातल्या खिडकीत निळी अक्षरं उमटतात आणि ती मीच लिहिलेली असूनही, सगळं ठाऊक असूनही, माझे खांदे सैल होतात.

नवऱ्याची सोडून उरलेल्या दोनशे अकरा तक्रारींत तुमची कोणती, हे मी शोधलेलं नाही. गरज वाटली नाही. तुमचा दिवा मला इथून हिरवा दिसतो आहे.